रेडिओ बिघडलेला नाही, ऐकायला काही उरलेलं नाही

पोस्ट जरा मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

वीस-एक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्याकडे कुठलीच सेवा "बंद केली" म्हणून बंद होत नाही. गावाला येणारी संध्याकाळची गाडी आधी उशिरा यायला लागते. मग लोक दुसरी सोय बघतात. मग "प्रवासी नाहीत" असा अहवाल जातो आणि गाडी जाते. कागद बघितला तर लोकांनीच गाडी सोडली असं दिसतं.

रेडिओचं नेमकं हेच चाललं आहे. देशभरात आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होत आहेत. कारण तेच, ऐकणारे उरले नाहीत, तंत्रज्ञान जुनं झालं. एफएम आहे, मोबाईलवर ॲप आहे, मग कशाला? प्रश्न रास्त वाटतो. मलाही कधी काळी तो रास्तच वाटला असता. पण 2019 च्या उन्हाळ्यात महालातल्या एका दुकानात दोन जुने रेडिओ शेजारी शेजारी पाहिले, आणि हा विषय डोक्यातून गेला नाही.

दुकान म्हणजे काय, आठ बाय दहाची खोली. मेकॅनिककाका सत्तरी ओलांडलेले. नाव लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही. व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करणारी माणसं नागपुरात आता बोटावर मोजण्याइतकीच असतील, त्यातले ते एक. टेबलावर एक मर्फी होता, लाकडी कॅबिनेटचा, कापडी जाळीचा. त्याच्या बाजूला एक अमेरिकन डबा. फिशर कंपनीचा 800-सी. एका ओळखीच्या घरातले डॉक्टर काका अमेरिकेत होते, परत येताना सामानात घेऊन आले होते. ते गेले, घर विकायला निघालं, तेव्हा माळ्यावरून हा खाली आला.

आधी या अमेरिकन डब्याविषयी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याला तिकडे "रिसिव्हर" म्हणतात. म्हणजे स्टेशन पकडणारा ट्यूनर, आवाज घडवणारा प्रीॲम्प आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प्लिफायर, तिन्ही एकाच चेसिसवर. स्पीकर वेगळे. हे यंत्र एका तारखेचं अपत्य आहे. एप्रिल 1961 मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या सरकारी आयोगाने एफएमवर स्टिरिओ प्रसारणाची एक पद्धत ठरवून दिली. आणि 1 जून 1961 पासून तिकडे स्टिरिओ एफएम सुरू झालं. फिशर, स्कॉट, हार्मन कार्डन अशा कंपन्या मग या मागे लागल्या.

पद्धत फार हुशारीची आहे. डावा आणि उजवा आवाज वेगवेगळा पाठवला असता तर लोकांच्या घरातले जुने साधे एफएम रेडिओ निकामी झाले असते. म्हणून काय केलं, तर दोन्ही आवाजांची बेरीज नेहमीच्या जागी पाठवली. जुना सेट तीच ऐकतो, त्याला काही फरक पडत नाही. दोघांमधली वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसवली, आणि 19 किलोहर्ट्झची एक बारीक खूण सोबत दिली. नवा सेट ती खूण ओळखतो, बेरीज-वजाबाकीतून डावा-उजवा वेगळा काढतो. फिशरच्या तबकडीवर त्यासाठी छोटा दिवा आहे, "स्टिरिओ बीकन" नावाचा. खूण मिळाली की तो लागतो.

जुन्याला न मारता नवं आणायचं, हे तिकडच्या नियामकाने 1961 मध्ये अटीसारखं पाळलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत बघितलं तर बहुतेक जोडणी हाताने केलेली. काकांनी झाकण काढून दाखवलं. प्रत्येक चॅनेलला 7591 नावाचे दोन-दोन आउटपुट व्हॉल्व्ह. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, म्हणून त्याला पुश-पुल म्हणतात. मागे लोखंडाचे तीन जड ट्रान्सफॉर्मर. एक विजेचा, दोन आवाजाचे. व्हॉल्व्हचं काम शेकडो व्होल्टवर आणि अगदी थोड्या करंटवर चालतं. स्पीकरला नेमकं उलट पाहिजे, कमी व्होल्ट आणि जास्त करंट. मधला हा दुभाष्या म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या वजनाचा आणि खर्चाचा मोठा वाटा त्याच्यात असतो. ट्रान्झिस्टरला या दुभाष्याची गरज फारशी उरली नाही. म्हणून साठचं दशक संपता संपता व्हॉल्व्हचे रिसिव्हर बाजारातून गेले. आवाज वाईट होता म्हणून नव्हे, लोखंड आणि तांबं महाग होतं म्हणून.

सेट 117 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालणारा. आपल्याकडे 230 आणि 50. म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, तरी 60 साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापतो. काका दर दहा मिनिटांनी त्यावर हात ठेवून बघत होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

आता यातली गंमत अशी. डॉक्टर काकांनी हा सेट आणला त्या काळात भारतात एफएम नव्हतंच. आपल्या देशात पहिलं एफएम प्रसारण झालं 23 जुलै 1977 ला, मद्रासमध्ये. खासगी एफएम नागपुरात यायला 2000 नंतरचं दशक उजाडलं. म्हणजे ज्या कामासाठी हा डबा जन्माला आला, ते काम त्याला कित्येक वर्षं मिळालंच नाही. घरी तो रेकॉर्ड प्लेयरचा ॲम्प्लिफायर म्हणून राबला.

एक मात्र झालं. फिशरचा 500-सी नावाचा भाऊ आहे, त्यात फक्त एफएम. या 800-सी मध्ये एएम, म्हणजे आपलं मीडियम वेव्हही आहे. अमेरिकेत एएमची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, आपल्याकडे नऊच्या. नागपूर आकाशवाणी 585 वर. अमेरिकेतल्या साध्या डिजिटल सेटवर एक तर 580 लागतं, नाही तर 590. आपलं नागपूर मधल्या मधे हरवतं. पण या जुन्या डब्यात फिरणारा गँग कंडेन्सर आहे, पायऱ्या नाहीत, उतार आहे. काकांनी बटण हळूहळू फिरवलं आणि 58 च्या जरा पुढे आपलं नागपूर लागलं. दिल्लीचं बातमीपत्र चालू होतं.

मग एफएमवर घेतलं. एका खासगी वाहिनीवर तो छोटा दिवा लागला आणि दोन्ही स्पीकरमधून गाणं सुरू झालं. जरा मंद वाटत होतं, वरचे सूर दबलेले. तेही काकांनी समजावलं. अमेरिकेत वरच्या सुरांची सुधारणा 75 मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने करतात, आपल्याकडे 50 च्या. दोन सुटे भाग बदलले की काम झालं.

मी म्हटलं, "काका, हा तर एकदम ठणठणीत निघाला. मग या मर्फीला काय झालं?"

काका म्हणाले, "त्याले काही नाही झालं जी. कंडेन्सर बदलवले, व्हॉल्व्ह सगळे चांगले आहेत. पण फिरवून पाहा न तुम्ही."

मी फिरवून पाहिलं. हिरवा डोळा, ज्याला मॅजिक आय म्हणतात, तो नीट उघडझाप करत होता. मीडियम वेव्हवर नागपूर. शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांवर मात्र खरखर, एखादं चिनी स्टेशन, परत खरखर.

"रेडिओ बिघडेल नाही भाऊ," काका म्हणाले, "याले ऐकाले काही उरलं नाही."

अमेरिकन डबा पन्नास वर्षं स्टेशनाची वाट पाहत होता, त्याला शेवटी ते मिळालं. आणि आपला देशी सेट, ज्याच्याकडे एकेकाळी अर्धं जग यायचं, त्याची स्टेशनं एकेक करून निघून गेली. दोन्ही सेट चांगले. फरक सेटमध्ये नव्हताच. रेडिओ हे अर्धंच यंत्र असतं मित्रहो. उरलेलं अर्धं सरकारच्या मनोऱ्यावर असतं.

आपल्या देशी सेटची रचना बघा, म्हणजे हे आणखी कळेल. त्याची तबकडी ही आपल्या प्रसारण धोरणाची वही आहे.

त्यात मीडियम वेव्हची एक पट्टी आणि शॉर्टवेव्हच्या दोन-तीन का असायच्या? अमेरिकेत गावोगावी स्टेशनं होती, आपल्याकडे मोजकी. नागपूर केंद्र सुरू झालं 16 जुलै 1948 ला, तेव्हा आपण मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतो. सिव्हिल लाइन्समधला आकाशवाणी चौक त्याच केंद्राच्या नावाचा. एवढ्या मोठ्या देशाला मूठभर केंद्रांवरून आवाज पोचवायचा तर शॉर्टवेव्हशिवाय उपाय नव्हता.

त्यात 1952 मध्ये बी. व्ही. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर. त्यांनी फिल्मी गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली. लोकांनी काय केलं? तबकडीचा काटा शॉर्टवेव्हवर नेला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या शेवटी अमीन सयानींची बिनाका गीतमाला तिथून सुरू झाली. पाच वर्षांनी सरकारला शहाणपण सुचलं आणि 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली, तीही सुरुवातीला शॉर्टवेव्हवरच. म्हणून दुकानदार सेट विकताना पहिला प्रश्न ऐकायचा, सिलोन लागतं का? एका मंत्र्याच्या आवडीने अख्ख्या देशाच्या रेडिओची मागणी ठरवली. याला धोरणाची ताकद म्हणतात.

आतली मांडणीही इथल्या परिस्थितीने ठरलेली. मूळ कल्पना सुपरहेटरोडाइनची, अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँगने 1918 मध्ये काढलेली. कुठलंही स्टेशन लावा, सेट त्याला आधी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो, साधारण 455 किलोहर्ट्झ, आणि मग वाढवतो. (एफएम शोधणारा माणूसही हाच.) एवढं काम करायला पाच-सहा व्हॉल्व्ह पुरायचे. पण काही शहरांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारे सेट निघाले. त्यात विजेचा ट्रान्सफॉर्मरच नाही, सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट माळेसारखे एकामागे एक. स्वस्त पडायचे, पण चेसिसमध्ये थेट लाइनचा करंट यायचा. आणि खेड्यात तर वीजच नव्हती. तिथे बॅटरीचे व्हॉल्व्ह सेट गेले, फिलामेंटला दीड व्होल्टच्या आसपास आणि बाकी कामाला 90 व्होल्टची वेगळी ड्राय बॅटरी.

व्हॉल्व्ह आधी बाहेरून यायचे. 1961 पासून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते देशात बनवायला सुरुवात केली. मर्फीचा कारखाना आपल्या ठाण्यात होता. कॅबिनेटच्या आत कागद चिकटवलेला असायचा, कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचं चित्र. घेणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला आतलं कळलं पाहिजे, हे कंपनीनेच गृहीत धरलेलं. आज केंद्र सरकारला डिसेंबर 2022 मध्ये "राइट टु रिपेअर" नावाचं पोर्टल काढावं लागलं, कारण कंपन्या फोनच्या आतली माहितीच देत नाहीत. त्या काळी हा हक्क एका चिकटवलेल्या कागदात मावत होता.

आणि रेडिओ ऐकायचा सरकारी परवाना लागायचा, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. पोस्टात जाऊन वर्षाला 15 रुपये भरायचे, पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचं. आमच्या आजोबांची पुस्तिका अजून घरी आहे. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. पण त्याचा अर्थ विसरू नका. ऐकणाऱ्याने पैसे भरले होते. मनोऱ्यावरचं अर्धं यंत्र फुकटात मिळालेलं नव्हतं.

त्या पैशातून काय मिळालं, तर एक उदाहरण महाराष्ट्रातलंच. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. गावकरी आठवड्यातून दोनदा सेटभोवती बसायचे, कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. हाच नमुना पुढे देशभर नेला गेला. आज आपण "टू-वे कम्युनिकेशन" म्हणून सेमिनार घेतो, ते काम एका व्हॉल्व्ह सेटभोवती सतरंजी टाकून झालं होतं.

आता आपल्या नागपूरकडे या. 18 मे 1988 ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, रात्रीची सेवा. तिचा मुख्य आवाज नागपूरचा, 1566 किलोहर्ट्झ, एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर. देशाच्या मधोमध म्हणून नागपूर निवडलं. रात्री मीडियम वेव्ह आकाशातल्या थरावर आदळून परत येते, त्यामुळे एवढ्या ताकदीवर जवळपास अख्खा देश ऐकू शकायचा. ट्रकवाले, पहारेकरी, रात्रपाळीवाले हा तिचा श्रोता. जानेवारी 2019 मध्ये ती वाहिनी बंद झाली. खर्चकपात हे कारण. नागपूरच्या किती पेपरांत त्याची बातमी पहिल्या पानावर आली? आठवून बघा.

सरकार म्हणेल, आम्ही बंद नाही करत, बदल करतोय. खरं आहे. मीडियम वेव्हवर डीआरएम नावाचं डिजिटल तंत्र आणलं, देशभरात तीस-पस्तीस ट्रान्समीटर बसवले. आवाज स्वच्छ, वीज कमी. पण सीताबर्डीत कुठल्याही दुकानात जाऊन डीआरएमचा साधा रेडिओ मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. काही गाड्यांत तो येतो, घरात नाही. म्हणजे इकडे सेट आहेत तर स्टेशन जातंय, तिकडे स्टेशन आहे तर सेट नाहीत. अमेरिकेने 1961 मध्ये जे वाक्य पाळलं, जुन्याला न मारता नवं आणायचं, ते इथे कोणी पाळलं?

"एफएम आहे ना!" आहे. चंद्रपूरला आहे, यवतमाळला आहे, आणखी वाढतंय, चांगलंच आहे. पण एफएमची लाट तीनेक मीटरची, ती दृष्टीच्या रेषेत चालते. मनोऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर गेलं, मध्ये डोंगर आला, की संपली. 585 ची लाट पाचशे मीटरहून लांब. ती जमिनीला धरून चढउतार पार करत जाते. नागपूरहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब आहे, मेळघाट आणखी दूर. जंगलातल्या वाडीपर्यंत एकाच मनोऱ्यावरून पोचायचं तर आजही मीडियम वेव्हला तोड नाही. मोबाईल ॲपचं तर बोलूच नका. ज्या गावात टॉवर नाही तिथे ॲप कशावर चालणार?

23 सप्टेंबर 2023 आठवा. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने वस्त्यांत पाणी घातलं. आमच्या नातेवाइकांकडे वीज गेली, फोनची चार्जिंग संपली, रेंज येईना. पाणी किती वाढणार, बाहेर पडायचं की वर चढायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. माळ्यावरचा व्हॉल्व्ह सेट तेव्हा कामाचा नव्हता, त्याला वीज लागते. पण दोन सेलवरचा दोनशे रुपयांचा ट्रान्झिस्टर चालला असता. एक मनोरा एकाच वेळी लाखो लोकांना सांगू शकतो आणि ऐकणारे वाढले म्हणून तो अडकत नाही. फोनचं उलट आहे, संकटात सगळे एकदम लावतात आणि तेव्हाच तो बसतो.

म्हणून माझं म्हणणं जुनं जपा असं नाही. मी व्हॉल्व्हचा भक्त नाही. ते गरम होतात, वीज खातात, आणि त्यांचा काळ गेला. म्हणणं एवढंच आहे की ट्रान्समीटर बंद करण्याआधी तीन गोष्टी लोकांसमोर मांडा. एक, तो कुठपर्यंत ऐकू जातो, गावांच्या नावांसकट. दोन, त्या गावांत पर्यायी काय ऐकू येतं, कागदावर नव्हे, प्रत्यक्ष. तीन, पूर, वीज, वादळ आलं तर त्या गावाला कोण सांगणार. आपल्या खासदार-आमदारांनी एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ.

ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्ह सेट आहे त्यांना एक सूचना. थेट प्लग लावून चालू करू नका. वर्षानुवर्षं पडलेले कंडेन्सर फुटतात, आणि आत शेकडो व्होल्ट असतात. बंद केल्यावरही काही वेळ राहतात. एसी-डीसी सेटच्या चेसिसला तर हातच लावू नका. जाणकार माणसाला दाखवा आणि भंगारात किलोच्या भावाने देऊ नका.

आणि आता तुमचं काम. तुमच्या गावात, शेतात, मामाच्या घरी कुठलाही रेडिओ असेल, साधा सेलवरचा चालेल, तर तो मीडियम वेव्हवर 585 ला लावा. एकदा दुपारी, एकदा रात्री. नागपूर येतं की नाही, स्वच्छ येतं की खरखर, हे खाली कमेंटमध्ये लिहा. सोबत गाव, तालुका आणि वेळ टाका. एफएमवर काय येतं तेही लिहा. शंभर गावांची यादी झाली की मी ती नीट मांडून नकाशासकट इथेच टाकीन आणि केंद्राच्या कार्यालयात नेऊन देईन. "ऐकणारे उरले नाहीत" असं कोणी म्हटलं, तर आपल्याकडे निदान गावांची नावं असली पाहिजेत.